महाराजांचे लाल पाय

"लाल झाला! हात लाल झाला!"

खारबावच्या मांडवात एकच ओरड उठली. सतरा वर्षांच्या करिष्माच्या तळहाताला हळद चोळून काळूराम महाराजांनी पहिल्या कलशातलं पाणी ओतलं होतं. पिवळा हात रक्तासारखा लाल!

"बघा, एचआयव्हीचा राक्षस वर आला! ह्यो वज्रेश्वरीच्या कुंडाचा प्रताप हाय!" महाराज गरजले. दुसऱ्या कलशातल्या पाण्याने हात पुन्हा पिवळा झाला. "ग्येला! आता गोळ्या खाडीत टाका. गोळीला एक्सपायरी असते, माझ्या मंत्राला न्हाय!"

टाळ्या पडल्या. करिष्माची आई कमळा गोळ्यांची डबी घेऊन उठलीच.

"थांब कमळा," मी म्हटलं. "आधी मला महाराजांचे पाय धुऊ दे."

माझा आवाज कधी चढत नाही. देवीची पूजा झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही, हे गावाला ठाऊक. त्यात वर्षभर मी अनवाणी. लोक समजत, नवस असेल. होताच.

प्रितेश माझ्या बहिणीचा मुलगा. निरोधचं नाव आमच्याकडे मुलांसमोर कुणी काढत नाही. त्याला एचआयव्हीची लागण झाली, मागोमाग टीबी. गोळ्यांनी पोर सावरलं होतं. मग याच मांडवात त्याचा हात लाल झाला, पिवळा झाला, गोळ्या खाडीत गेल्या. चार महिन्यांनी तो गेला. त्या दिवशी मी चपला काढल्या, या महाराजाचं बिंग फुटेपर्यंत.

"या माई!" महाराजांनी पाय ताटात ठेवले. मी घोट्यापर्यंत हळद चोळली आणि पहिला कलश उचलला.

"माई, त्यो नको!"

"का? देवीचंच पाणी ना?"

ओतलं. पाय लालभडक.

"आयला, म्हाराजालाच एड्स!" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

"हसता काय, काका?" करिष्माची मैत्रीण वनिता उठली. ती बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली. "एचआयव्ही म्हंजे शिवी न्हाय. आमच्या वस्तीत आम्ही पोरंपोरी डॉक्टरताईंना सगळं विचारतो. तुमच्यात विषय निघाला की करिष्माला आत पाठवतात. म्हणून तर हा म्हाराज चालतो!"

महाराज कुजबुजले, "माई, दुसरा कलश ओता. पाया पडतो."

"ओतते. आधी सांगा, यात काय आहे?"

"...लिंबू."

"आणि पहिल्यात?"

"चुन्याची निवळी."

"मोठ्याने."

ते मोठ्याने बोलले. मी गावाकडे वळले. "नवरात्रात मी घरी कुंकू करते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. राक्षस नाही, देवीही नाही. महाराज, प्रितेश आठवतो?"

"कोन प्रितेश?"

दुसरा कलश मी त्यांच्यासमोर मातीत उपडा केला. कुणीतरी फोन केला; पोलीस आले तेव्हा महाराजांचे पाय लालच होते.

कमळाने डबी करिष्माच्या हातात ठेवली. पोरीने तिथेच गोळी घेतली.

ही गोष्ट ऐकणाऱ्या बायांनो, मी व्रतं सोडलेली नाहीत, सोडणारही नाही. पण देवीने जीभ दिली आहे ती मंत्रापुरती नाही. एचआयव्ही हळदीने कळत नाही, रक्त तपासून कळतो. गोळ्या रोज घेतल्या तर माणूस जगतो. आणि निरोध हा शब्द पोरांना घरात ऐकू द्या; मी देव्हाऱ्यासमोर बसून उच्चारला, देवी कोपली नाही.

मांडवाबाहेर बहिणीने माझ्यासमोर चपला ठेवल्या. वर्षाने मी त्या पायांत सरकवल्या. नवस फिटला होता.