शंभरातून सात

लाँड्रीतला बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वाफेबुवा म्हणायचे. नाव ठेवलं इस्त्रीखात्यातल्या बायकांनी, आणि अगदी चपखल ठेवलं. बुवाही तापायचे, फक्त बॉयलर वेळेवर तापायचा आणि बुवांचा काही नेम नसायचा. बारा वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, शेवटी इन्सुलिनची सुई पोटाशी आली. सुई टोचली की लगेच जेवायचं, एवढा एकच नियम. पण कामावर नियम पाळणं म्हणजे काय, हे दवाखान्यात बसून सांगणाऱ्यांना कुठून कळणार!

साखर उतरली की माणूस गळून जातो, असं लोकांना वाटतं. गळून जातोच, पण ते नंतर. त्याआधी थोडा वेळ असा येतो की आपलं सगळं बरोबर आणि बाकीचे सगळे गाढव, अशी पक्की खात्री वाटते. बुवांनी अशा वेळी घरी एकदा जेवणाचं ताट भिरकावलं होतं, आणि पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरात उभं राहून डब्यातली साखर मुठीमुठीने खाल्ली होती. नंतर बायको दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना एक युक्ती दिली होती. शंका आली की शंभरातून सात वजा करायचे, मग त्यातून पुन्हा सात. अडखळलात की आधी साखर तोंडात टाका, विचार मागाहून. बुवांना ही युक्ती फार आवडली. रक्त तपासायचं यंत्र घरी कपाटात गेलं. काळ्या तेलकट बोटांना टोचत कोण बसतं, डोकं आहे ना आपलं! बॉयलरपुढे उभे राहून ते दिवसातून दहादा पुटपुटायचे. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... थेट दोनपर्यंत. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

त्या दिवशी दोन हॉस्पिटलांच्या चादरी एकदम आल्या. बाराला बुवांनी सुई घेतली आणि डबा उघडला, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली की प्रेसला वाफ कमी पडतेय. बुवा उठले. वाफ वाढवली, एक गळका व्हॉल्व्ह आवळला, कपाळाचा घाम पुसला. परत येऊन पाहतात तो डबा उघडा. म्हणजे आपलं जेवण झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं. डब्यात अन्न जसंच्या तसं होतं आणि ते त्यांना दिसतही होतं. पण दिसणं आणि कळणं यांच्यात त्या दुपारी कुठेतरी दोर तुटला होता.

मग त्यांनी काचेकडे पाहिलं.

बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे, ते त्या नळीतल्या रेघेवरून कळतं. आता रेघ दिसत नव्हती. आणि यातली मेख अशी की नळी काठोकाठ भरली तरी रेघ दिसत नाही, आणि पूर्ण रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही वेळा काच तशीच स्वच्छ. खालची तोटी उघडून बघितल्याशिवाय कुणाच्या बापाला सांगता येत नाही. भरली असेल तर फारसं बिघडत नाही. रिकामी असेल तर लाल तापलेल्या पोलादावर थंड पाणी सोडणं म्हणजे सगळ्यांना घेऊन वर जाणं. बुवांनीच मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'काच कळत नसेल तर लाल बटण दाबून आग बंद करा. सगळे बाहेर पडा. पंप लावू नका.'

बुवांच्या पोटात खड्डा पडला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. ओठांना मुंग्या येत होत्या. शंका आली, तसे ते शिस्तीने पुटपुटले. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. सोळा, नऊ, दोन. एकही चूक नाही. म्हणजे डोकं ठिकाणावर. काच रिकामी आहे, रिकामं आहे ते भरायचं, यात विचार कसला? त्यांनी पंपाच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"बुवा, डबा तसाच का पडलाय?"

दारात इस्त्रीखात्याची मुकादम उभी होती. तिला सगळे मावशी म्हणत. भिंतीपलीकडे तिच्या हाताखालच्या अकरा बायका चादरी दाबत होत्या.

"जेवलो मी," बुवा म्हणाले. "जा तू."

"घामाने भिजलात की! माझ्या दिराचं असंच व्हायचं. साखर खा आधी."

"मला काही झालेलं नाही!" बुवा कडाडले. "ऐकायचंय? शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..."

"बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न," मावशीने पुढचं घडाघडा म्हणून टाकलं. "आमच्या पोरी त्या तालावर चादरींच्या घड्या घालतात, बुवा. मला शाळेत वजाबाकी कधी जमली नाही, पण हे मलाही पाठ आहे."

बुवांचं बोट बटणावरच होतं.

"एकशे एकातून सात किती?" मावशीने विचारलं. "बोटं मोजून सांगा हवं तर."

सोपं होतं. बुवांनी एकशे एक धरलं आणि सात शोधायला गेले, तर एकशे एक हातातून निसटलं. ते परत धरलं, तेव्हा काय वजा करायचंय तेच आठवेना. शंभर, त्र्याण्णव, अशी जीभ वळायला लागली, तिला त्यांनी दातांखाली धरलं. डोक्यात कुणीच नव्हतं. घर उघडं आणि आत माणूस नाही, अशी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"येत नाही मला," ते म्हणाले. बोट बटणावरून काढायला त्यांना दुसरा हात लावावा लागला. "मावशी, भिंतीवर काय लिहिलंय ते वाच. तसंच कर."

मावशीने वाचलं. लाल बटण दाबलं, डब्याशेजारची साखरेची पुडी बुवांच्या तोंडात रिकामी केली आणि त्यांना बखोटीला धरून, बायकांना हाका मारत अंगणात आणलं.

बाकावर बुवांनी आपला डबा खाल्ला, मावशीचा खाल्ला, कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा कागद चाटेपर्यंत खाल्ला. पोट भरलं तरी हात थांबेना. दीड तासाने मेकॅनिकने आत जाऊन तोटी उघडली. थेंबभरही पाणी आलं नाही. आपोआप पाणी घेणारा गोळा अडकला होता.

"पंप लावला असता तर भिंत राहिली नसती," तो म्हणाला. "भिंतीपलीकडचंही कुणी नाही."

मालक धावत आले होते. त्यांनी बुवांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! डोकं शाबूत ठेवलंत म्हणून वाचलो आपण. गोळा नवा बसवतोय. उद्या सकाळी सहाला पेटवा." आणि बॉयलरखोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

अकरा बायका कौतुकाने बघत होत्या. बुवांची जीभ आता कोरडी पडली होती, तीन तांबे पाणी पिऊनही. डोकं ओल्या चादरीसारखं जड झालं होतं. ही चढती साखर, तीही त्यांच्या ओळखीची. त्यांना नऊ वर्षांतल्या दुपारी आठवायला लागल्या, रोज त्या काचेपुढे उभं राहून बिनचूक म्हटलेला तो पाढा, आणि त्यानंतर दाबलेली बटणं. त्यातल्या किती वेळा डोक्यात कुणी नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "मला विचारा, एकशे तीनातून आठ किती?"

मालक हसले. "पंच्याण्णव!"

"तुम्ही सांगू नका. दुसरं काहीतरी विचारा. मला."

"बरं बाबा. एकशे सहातून नऊ?"

बुवांनी किल्ली बाकावर ठेवली, दोन्ही हातांची बोटं समोर धरली आणि मोजायला लागले. बोटं एकदा संपली, तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं, आणि त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली.