उस्तादांची एकटी पाल

पेटीवरची मेणाची मोहोर फुटली तशी पुढच्या बायकांनी छातीवर क्रूस काढला आणि मागच्यांनी पुढच्यांना ढकललं. सेवान सरोवराकाठच्या पडक्या देवळापुढे सगळं गाव लोटलं होतं. काचेच्या पेटीत भिंतीवरची साधी पाल होती आणि तिच्याभोवती काडीएवढी पिल्लं वळवळत होती.

"वसंतात हा जीव मी एकटा ठेवला," उस्ताद बार्सेघ म्हणाले. "पेटीच्या जाळीवर मोहोर तुमच्याच गावप्रमुखांची. जोडीदार नाही, संग नाही. माझ्या तळव्यातली वैश्विक लहर, बास. पालीला फळली ती बाईमाणसाला फळणार नाही?"

उस्ताद गेल्या वर्षापर्यंत येरेवानमध्ये फ्रिज दुरुस्त करत. वैश्विक लहर त्यांना तिथेच कुठेतरी लागली असावी.

शाळेत जीवशास्त्र शिकवणारी हेघिने गर्दीच्या कडेला उभी होती. तिचं लक्ष पेटीकडे नव्हतं, पुढच्या रांगेतल्या भावजयीकडे होतं. नाझेली चाळिशीला टेकली होती, मूल नव्हतं. उस्तादांच्या सांगण्यावरून तिने वसंतापासून येरेवानच्या डॉक्टरीणबाईंचे उपचार बंद केले होते. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही तपासायला बोलावलं होतं. उस्तादांनी नाही बोलावलं. नाझेलीचा नवरा, हेघिनेचा भाऊ वाहराम, उस्तादांचा भक्त झाला तो त्यामुळेच. हेघिनेला चमत्काराचा राग नव्हता. नाझेलीचे दिवस हातचे जात होते, त्याचा तिला फार राग होता.

ती लोणच्याची बरणी घेऊन पुढे आली.

"उस्ताद, ही माझी पाल. शाळेतच अंड्यातून निघाली आणि तेव्हापासून या बरणीत एकटी आहे. दुसरी पाल हिने जन्मात पाहिलेली नाही. आणि ही हिची पिल्लं."

"माझी लहर शाळेपर्यंत पोचते," उस्ताद म्हणाले.

"पोचत असेल. पण हिची पहिली पिल्लं निघाली तेव्हा तुम्ही फ्रिज उघडून बसला होतात."

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं.

"मग नर कुठून आला, बाई?" अर्शाक आजोबांनी विचारलं.

"आजोबा, या दगडी भिंती बांधण्यात तुमचा जन्म गेला. त्यांवरच्या पालींत नर कधी पाहिलात?"

आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. गावाची चूक इथेच होती. मराठीत पाल म्हटलं की ती झालीच. इथल्या भाषेत तो, ती, ते ही भानगडच नाही. सगळ्यांना एकच शब्द, 'ना'. भिंतीवरच्या या प्राण्यालाही लोक पिढ्यानपिढ्या 'ना' म्हणत आले. हा तो की ती, असं विचारायची कुणावर वेळच आली नाही.

"नर नाहीच," हेघिने म्हणाली. "इथल्या भिंतींवरच्या या जातीत सगळ्या माद्या. यांच्या अंड्याला बाप लागत नाही, पिल्लू आईची नक्कल असतं. पेटीला मोहोर नसती तरी हेच झालं असतं. मेंढीचं तसं नाही. तिला एडका लागतो, कोकरात दोघांचं निम्मं निम्मं येतं. उस्ताद, माझी मेंढी घ्या, गोठ्यात एकटी बांधा आणि सोडा लहर."

"मेंढीचं तेजोवलय जाड असतं," उस्ताद म्हणाले आणि पेटी आवरू लागले.

"चमत्कार दिसला की हात जोडा, पण आधी एवढं विचारा," हेघिने गर्दीला म्हणाली, "की हा माणूस आलाच नसता, तर हे झालं नसतं का?"

गर्दी हळूहळू पांगली. वाहराम बहिणीजवळ येऊन पुटपुटला, "ताई, चारचौघांत अब्रू घालवलीस माझी."

"तुझं नाव तरी घेतलं का मी?"

नाझेली बरणीत वाकून बराच वेळ बघत होती. मग नवऱ्याकडे वळली.

"सोमवारी येरेवानला जायचं. दोघांनी."

"मी कशाला?"

"कारण मी पाल नाही."

वाहरामने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद मोटारीत पेटी ठेवत होते.

"बस किती वाजता आहे?" त्याने विचारलं.