नागुबाईची दातखीळ

हलगी कडाडली आणि नागुबाईचं अंग धनुष्यासारखं वाकलं. टाचा आणि डोकं तेवढं सतरंजीवर, बाकी सगळं शरीर अधांतरी. रेणापूरकडचं ते सगळं गाव अंगणात लोटलं होतं. बायांनी भराभर हात जोडले.

"बघा, कशा थरथरतेत!" हलगी वाजवणारा मांत्रिक भुजंगबुवा गरजला. "हिरीतल्या आसरा हायत ह्या, पाण्यातल्या देवी. दुष्काळात तुम्ही हीर खोल केली, त्यांचं घर मोडलं. म्हणून त्यांनी हिच्या तोंडाला खीळ ठोकली. पर माझ्या हलगीला लई भितेत!"

त्यानं हलगीवर पुन्हा टिपरू हाणलं. नागुबाई पुन्हा वाकली.

सिंधु दारातच थबकली. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतर दोन वर्षांनी ती तिथं नर्सिंग शिकायला गेली होती. चुलती नागुबाई आजारी असल्याचा निरोप मिळताच ती धावत आली होती. काकूचे दात आवळलेले होते, ओठ ताणलेले होते. बघणाऱ्याला वाटावं, ती हसतेय. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

हा चेहरा सिंधुनं पुस्तकात पाहिला होता. 'अशा पेशंटजवळ भांडंसुद्धा वाजवू नका,' सिस्टर बजावायच्या. 'एखाद्या आचक्यात श्वास अडकला, की संपलं.'

"काका, काकूला कुठं लागलं होतं का?"

"रोजगार हमीच्या कामावर गाडीची गंजकी खीळ पायात घुसली," ग्यानोबा म्हणाला. "आठ दिस झाले. शेण भरलं की वरून."

"बुवा, हलगी थांबवा!"

"चार दिस नर्सची टोपी घातली म्हणून देव कळत न्हाई, पोरी. सरक!"

टिपरू वर गेलं. काकूची नखं निळी पडत चालली होती. सिंधुनं पुढं होऊन दोन्ही तळवे हलगीच्या कातड्यावर दाबून धरले. अंगण चिडीचूप झालं. हळूहळू नागुबाईचं अंग सतरंजीला टेकलं.

"आसरा दमल्या," बुवा म्हणाला.

तेवढ्यात वेशीत पाण्याच्या टँकरनं हॉर्न दिला. नागुबाई ताडकन वाकली!

हलगी तर गप्प होती. लोक एकमेकांकडं बघू लागले.

"का वो बुवा," म्हातारी चांगुणा म्हणाली, "टँकरमधी बी तुमचाच मंतर हाय व्हय? मग त्यालाच निवद दावा, दोन घागरी जास्ती दील!"

सिंधु काकूच्या कानाशी वाकली. "काकू, मी सिंधु. ऐकू येत असलं तर दोनदा डोळे मीट."

नागुबाईनं दोनदा डोळे मिटले.

"ती शुद्धीवर हाय," सिंधु दबक्या आवाजात म्हणाली. "हा धनुर्वात. खीळ आसरांनी ठोकली न्हाई, ती पायातनं शिरली. गंजातनं, शेणातनं जंतू गेले. आता कुठलाबी आवाज झाला की अंग आवळतं. बुवा भूत पळवत न्हाईत, आचके आणतेत."

ग्यानोबानं बुवाच्या हातातून टिपरू काढून घेतलं. लातूरच्या दवाखान्यात न्यायला गावात दुसरी गाडी नव्हती. टँकरवाल्या व्यंकटीनं केबिन रिकामी केली. काकूच्या कानात कापूस घातला, डोळ्यांवर पदर टाकला, तिला कुशीवर निजवलं. लातूरपर्यंत व्यंकटीनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. गुरं आडवी आली की तोच खाली उतरून हाकलायचा. सिंधु सारी वाट काकूचा श्वास मोजत होती.

अंधाऱ्या, शांत खोलीत तीन आठवडे गेले. जबडा सुटल्यावर नागुबाई पहिलं बोलली ते असं:

"हलगी वाजली की हाडं मोडल्यागत व्हायचं गं. 'बंद करा, बंद करा' म्हणून मी वरडत हुते. तोंडच उघडंना."

ती वरडत होती आणि सगळं गाव हात जोडून उभं होतं. म्हणून सांगणं एवढंच: जखम साबणपाण्यानं धुवा, तीत शेण भरू नका, धनुर्वाताची सुई घ्या. हलगी लग्नात वाजवा. आणि आजारी माणसाच्या अंगात कोण आलं हे विचारण्याआधी, त्याला कुठं लागलंय ते विचारा.