केसरीनाथांच्या उशाची सक्शन मशीन

मी सक्शन मशीन बोलतेय. नाक मुरडू नका. माणसाच्या घशात अडकलेला कफ ओढून घेणं हे माझं काम, आणि ओढलेलं सगळं माझ्या बाटलीत जमतं. दिसायला मी देखणी नाही, आवाज तर पिठाच्या गिरणीसारखा. पण माझ्यावाचून या घरात एका माणसाचा श्वास चालत नाही, हे मी तोऱ्यातच सांगते.

कारखान्यातून निघाले ती भिवंडीच्या एका दुकानात बरेच दिवस धूळ खात पडले होते. तिथून करिष्मानं मला रिक्षात मांडीवर घेऊन अंजूरला आणलं.

तिचे वडील केसरीनाथ. त्यांनी खाडीच्या या काठावरून हाक मारली की पलीकडचा माणूस वळून बघायचा म्हणे. मी ती हाक कधी ऐकली नाही. मी आले तेव्हा लकव्याचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळले होते आणि श्वासासाठी डॉक्टरांनी गळ्यात नळी बसवली होती. तोंडातून शब्द फुटत नाही. घशात घरघर वाढली की ते स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटायचे आणि करिष्मा धावत यायची.

पोरीचा हात फार हलका. ती हात धुते, हातमोजे चढवते, पाकिटातून नवं कॅथेटर, म्हणजे ती बारीक मऊ नळी, काढून मला जोडते. नळी आत सोडताना माझी ओढ लागू देत नाही. बाहेर काढताना नळीवरचं छिद्र अंगठ्यानं दाबते आणि हळूच फिरवत काढते. तेवढा वेळ स्वतःचाही श्वास रोखून धरते, म्हणजे थांबायचं कधी ते कळतं. तिची आई कमळाबाई मात्र दाराशीच उभ्या राहतात. नर्सनं त्यांनाही सगळं शिकवलंय, पण नळी हातात घेतली की त्यांचे हात थरथरतात.

गेल्या रविवारी करिष्माला बघायला नारपोलीचे पाव्हणे आले. कमळाबाईंनी माझी पिन काढली आणि वरून चादर टाकली. "पावनं जाईपरयंत आवाज नको न् ती बाटली पन दिसाला नको," म्हणाल्या. मला असा राग आला! केसरीनाथांनीही पोरीसाठी बराच वेळ कळ काढली. शेवटी जीव घाबरा झाला तेव्हा पेला वाजला. करिष्मानं चहाचा ट्रे तिथंच ठेवला, आत येऊन चादर ओढून फेकली, माझी पिन लावली आणि नव्या साडीतच कामाला लागली.

मुलाची आई दाराशी येऊन बघत होती. बाई वाईट नव्हती. हळूच म्हणाली, "रोज तूच करतेस काय गो? मंग लग्न झाल्यावर यांचं कोन करील?"

कमळाबाई खाली बघत राहिल्या.

पुढे पाव्हण्यांचा होकार आला. करिष्मा म्हणाली, "मला न्हाय करायचं लगीन. बाबांना कोनाच्या भरोशावर सोडू?" बंद झालाय तो केसरीनाथांचा आवाज. कान शाबूत आहेत.

त्या दिवसापासून त्यांनी पेला गादीखाली सरकवून ठेवलाय. करिष्मानं खूप शोधला, त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आता तीच दर थोड्या वेळानं येऊन छातीला कान लावते.

पण आत्ता ती घरात नाही. कॅथेटरं संपत आली म्हणून भिवंडीला गेलीय. इथं केसरीनाथांच्या घशात घरघर वाढलीय, ओठ काळसर पडायला लागलेत. ते मला बघताहेत आणि हात मुद्दाम छातीवर घट्ट धरून पडलेत. मला भीती वाटतेय हो. पिन लावलेली आहे, एक पाकीट माझ्या शेजारीच आहे, आणि मला स्वतःला सुरू होता येत नाही.

कमळाबाई, स्वयंपाकघरात तांदूळ निवडताय ना? ते राहू द्या. आत या. नर्सनं शिकवलेलं तुम्हाला सगळं आठवतंय, मला माहीत आहे. हात थरथरू द्या खुशाल. थरथरत्या हातानंच बटण दाबा.