पाटकऱ्याची चूक

चार वाजायला दहा मिनिटं असताना तिने वही उघडली आणि आत लिहिलेल्या साडेपाच ओळी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिल्या. एरवी रविवारी या वेळेला तिच्यासमोर वीस-बावीस पानं पसरलेली असायची. गावांचे नकाशे, धर्मशाळेतल्या माणसांची नावं, कुठल्या दारामागे काय आहे, खेळाडू डावीकडे वळले तर काय आणि उजवीकडे वळले तर काय. आज एवढंच होतं: नदीला पूर येतो, शहर बुडतं, सगळे जिवंत बाहेर पडतात, खेळ संपतो.

आठ महिने ती हा खेळ चालवत होती. दर रविवारी लॅपटॉपच्या पडद्यावर चौघं जमायची. बाकीच्या तिघांनी एकेक पात्र घेऊन बोलायचं, अडलं की फासे टाकायचे, आणि त्या पात्रांच्या भोवतीचं अख्खं जग हिने उभं करायचं. तिघांपैकी एक तिची शाळेपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर. दुसरा त्या मैत्रिणीचा नवरा, गणिताचा मास्तर. तिसरे तिचे बाबा.

बाबांना तिनेच ओढून आणलं होतं. आई गेल्यापासून त्यांच्या फोनवर मोजून दोन वाक्यं उरली होती. जेवलात का? हो. तू जेवलीस का? हो. मग दोघंही आपापल्या गावी फोन कानाला लावून गप्प. खेळात निदान दोन तास त्यांचा आवाज तरी कानावर पडायचा.

तिचं काम चष्म्याच्या काचा घासून बसवण्याचं. केसभर चूक झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं उठतं, म्हणून हात लावायच्या आधी चारदा मोजायची सवय. ती सवय खेळातही उतरली. त्यात बाबांनी भर घातली. ते एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, जमिनीखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे आणि ठरल्या वेळी बंद करायचे. खेळात पात्र निवडायची वेळ आली तेव्हा मैत्रीण वैदू झाली, मास्तर चोर झाला, आणि बाबा म्हणाले, मला पाटकरी कर. शेतांना पाळीपाळीने पाटाचं पाणी वाटणारा. तेव्हापासून कुठल्याही गावात शिरलं की राक्षस राहिला बाजूला, पाटकरी आधी विचारणार, "इथं पाणी कुठून येतं?"

पहिल्यांदा तिची भंबेरी उडाली. पुढच्या वेळेपासून ती प्रत्येक गावाची पाण्याची सोय आधी लिहून ठेवू लागली. झरे, आड, तळी, पाटाची दारं. बुधवारची संध्याकाळ त्यात गेली, मग शुक्रवारची, मग शनिवार पुरा. गेल्या आठवड्यात दुकानात तिने एका चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. मालकीण नुसती बघत राहिली. त्याच दिवशी तिने ठरवलं, पुरे झालं. आज पूर आणायचा आणि सगळ्यांना हसतमुखाने निरोप द्यायचा.

चारला तिघंही पडद्यावर आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"तुम्ही शहराच्या वेशीपाशी आहात," तिने सुरुवात केली. "नदीच्या वरच्या अंगाला ढग जमलेत."

"आधी आत जाऊ या, बाजार बंद होईल," मास्तर म्हणाला. चोराला बाजारात कामं फार.

"वेशीपाशी कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"एक म्हातारी आहे. विहिरीवर बसलीये." म्हातारी तिच्या तोंडून अशीच निघून गेली. साडेपाच ओळींत म्हातारी नव्हती.

"विहीर कोणी खणली? उन्हाळ्यात आटते का?"

तिने वहीकडे पाहिलं, मग मिटून बाजूला सरकवली.

"बाबा, मला नाही माहीत. आज मी काहीच तयारी केलेली नाहीये."

मैत्रिणीने कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. खेळ आज संपवायचाय, हे आता सांगून टाकावं म्हणून ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात बाबा खुर्ची पुढे ओढून बसले.

"मग असं कर ठमे. म्हातारीलाच विचारू दे. दर खेपेला मीच विचारतो, तिला बिचारीला कोण विचारतं?"

"काय विचारू?"

"मला काय माहीत? म्हातारी तुझी आहे."

ती आवाज जरा बसका करून म्हणाली, "काय रे पाटकऱ्या, इतकी वर्षं पाणी वाटलंस. कधी चुकवलंस का?"

बाबांनी टेबलावरचे फासे एकावर एक रचले.

"एकदा," ते म्हणाले. "माझ्याच गल्लीचं पाणी होतं. सातला बंद करायचं आणि खालच्या दोन गल्ल्यांना सोडायचं. घरात बायको अडलेली. सुईण रात्रीपासून बसून होती. मला आत येऊ देईनात, आणि थांबून तरी काय करणार होतो? ड्यूटीवर गेलो. सातला चावी लावली. म्हटलं, आत्ता तिथं पाणी लागत असेल. हंडे भरलेले होते, पण पुरतील की नाही कुणास ठाऊक. चावी फिरवली नाही. तसाच उभा राहिलो, आठ वाजेपर्यंत."

"मग?" मास्तरने विचारलं. बाजार तो विसरला होता.

"मग काय. दोन गल्ल्या बादल्या घेऊन अंगावर आल्या. नाही नाही ते ऐकून घेतलं. साहेबांना सांगितलं, व्हॉल्व्ह अडकला होता."

"काका, किती छान," मैत्रीण म्हणाली. "हे सुचलं कधी तुम्हाला?"

"आत्ताच," बाबा म्हणाले.

पाटाच्या दाराला चावी नसते, आणि पाटकऱ्याला साहेबही नसतो. बाकीच्या दोघांच्या ते ध्यानात आलं नाही. तिने मात्र माइक बंद केला आणि पाणी प्यायल्यासारखं करून तोंड वळवलं. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला आई सगळ्यांसमोर हसत हसत एकच गोष्ट सांगायची: पोरगी झाली तेव्हा हिचा बाप कुठं होता विचारा, गावाला पाणी पाजत होता. सगळे हसायचे. बाबाही हसायचे. तीही हसत आली होती, आणि थोडं मनात धरूनही होती.

"ढगांचं काय झालं?" मास्तरने विचारलं. "मघाशी ढग म्हणालीस."

तिने माइक सुरू केला. "ढग पुढे निघून गेले," ती म्हणाली. "म्हातारी सांगते, बाजार अजून उघडा आहे."

त्या दिवशी चोराने बाजारात काय काय उचललं, वैदूने कुणाचा दात काढला, हे सगळं तिने जागच्या जागी रचलं. दोनदा नावं चुकली, एकदा नदी भलत्याच बाजूने वाहिली. कुणाचं काही बिघडलं नाही. सहाला नवराबायको हात हलवून गेले. बाबांना बंद करायचं बटण लवकर सापडत नसे. आज ते शोधतही नव्हते.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"पाणी उशिरापर्यंत होतं, ते माहीत होतं." बाबा कॅमेऱ्याकडे न बघता बोलत होते. "का होतं, ते नाही सांगितलं. तिच्या पोटात काही राहायचं नाही. नोकरी गेली असती माझी."

"नंतर सांगायचं."

"निवृत्त झालो की सांगणार होतो. मग राहूनच गेलं."

बाबांच्या खोलीत बाहेरून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि दूर गेला. तिने पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली.

"बाबा, त्या खालच्या दोन गल्ल्यांत कोण कोण राहायचं?"

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"आता?"

"हो. मला काही घाई नाहीये."

"कोपऱ्यावर एक शिंपी होता," ते म्हणाले. "तो गरीब होता, पण त्याची बायको… तिने त्या दिवशी बादली कुठे आपटली, ते आधी सांगतो."