भाऊबंद

शिशीतलं पाणी पेजेसारखं गढूळ, आणि बुचाशी एक बुडबुडा अडकलेला... फुटत का नाही हा? सेवकराम मघापासून त्याच्याकडेच बघत होता, म्हणजे खाटेवरच्या थोरल्या भावाकडे बघावं लागत नव्हतं. चार दिवसांच्या हगवणीने उदारामचं पार चिपाड झालं होतं. गोंदियाच्या दवाखान्यातली सगळी औषधं देऊन झाली होती. उरली ही शिशी.

काल केशोराव डॉक्टरांनी त्याला काचेची एक बशी दाखवली. सेवकराम त्यांच्या प्रयोगशाळेत अशा बशा धुवायला होता, पण ही निराळीच – जंतूंच्या दाट सायीत मधोमध एक ठिपका, आणि त्याच्याभोवती स्वच्छ, रिकामं रिंगण. "हा ठिपकाही जंतूच," डॉक्टर म्हणाले, "विष सोडतो. परक्यांना हात लावत नाही, मारतो ते आपल्या भाऊबंदांनाच. तुझ्या भावाच्या पोटातला जंतू याचा भाऊबंद. या शिशीत तेच विष आहे. पण बाबा, माणसाला हे मी अजून दिलेलं नाही. बघ तू."

बघ म्हणे! काय कपाळ बघू? आणि भाऊबंद हाच शब्द सुचावा त्यांना? महिन्यामागे धानाच्या बांधीच्या पाण्यावरून दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावर भांडले, तेव्हा अर्ध्या दवनीवाडा गावासमोर हाच सेवकराम ओरडला होता – "तुले पटकी येवो!" पटकी आली नाही, हे आलं. उद्या काही बरंवाईट झालं तर गाव काय म्हणेल? गाव जाऊ दे चुलीत... काल ते रिकामं रिंगण बघताना मला – हो, मलाच – भावाचं पोट नाही आठवलं, बांधी आठवली. मोकळी, माझ्या एकट्याची. देवा रे, मी याला वाचवायलाच आलोय ना?

"भाऊजी, काऊन थांबून राहिले?" जमुनावहिनीने वाटी पुढे केली. "देऊन टाका ना लवकर."

"वहिनी, हे आतापर्यंत कोनाले देलं नाही. उलटंबी होऊ शकते."

वहिनीचा हात तसाच राहिला. ती नवऱ्याकडे बघू लागली. उदारामने डोळे उघडले. त्या भांडणापासून तो सेवकरामशी एक शब्द बोलला नव्हता.

"सेवक्यानं आनली न?" तो कसाबसा म्हणाला. "मंग इचारता कायले? पाज."

आणि त्याने तोंड उघडलं.

सेवकरामने बूच काढलं. भाऊ संशय घेईल म्हणून इतका वेळ तो भीत होता. निदान एकदा तरी विचार ना रे, काय आहे यात... उदाराम काहीच विचारत नव्हता. सेवकरामला आता स्वतःचीच भीती वाटू लागली, आणि ते तोंड तसंच उघडं होतं.