तांबेऱ्यावरचा लेख

"झाला बरं का लेख!" फोनवर सर म्हणाले. "शेवटचा परिच्छेद तेवढा उतरवतोय. आता तगादा लावायला दुसरं गिऱ्हाईक शोधा तुम्ही."

वसुलीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे वा, सर," एवढं त्या कशाबशा म्हणाल्या आणि फोन ठेवून टेबलावरच्या लेखाकडे बघत राहिल्या. गव्हावरच्या तांबेरा रोगाचा आढावा. विषय तोच, लेख दुसऱ्याचा.

शेतीशास्त्राच्या त्या त्रैमासिकासाठी तज्ज्ञांकडून आढावा-लेख लिहून घेणं हे बाईंचं काम. नामांकित माणूस गाठायचा, हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा, होकार मिळवायचा आणि मग त्याच्या मानगुटीवर बसायचं. वसुलीबाई हे नाव तज्ज्ञांनीच पाडलेलं. त्यांची भाषा बाईंना पाठ होती. "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणजे पुढच्या वर्षी. "होत आलाय" म्हणजे अजून कागदाला हात लागलेला नाही. सर वर्षभर "होत आलाय" म्हणत होते, त्यात त्यांची बायको गेली. बाईंनी त्यांची आशा सोडली आणि त्यांना न कळवता तोच विषय त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीला दिला. तिने चटकन लिहूनही दिला. हा एक तज्ज्ञ खरंच लिहीत असेल, हे बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मेल टाका दोन ओळींचा," संपादक म्हणाले. "क्षमस्व वगैरे."

"तुम्ही टाकता?"

संपादकांना एकदम मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच सरांच्या घरी गेल्या. दार सुनेने उघडलं.

"तुम्हीच का त्या?" तिने आवाज खाली आणला. "आई गेल्यावर बाबा अंथरुणातून उठायला तयार नसायचे. तुमचा फोन आला की उठायचे. त्या बाईला लेख द्यायचाय म्हणून पुन्हा दाढी करायला लागले."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसले होते. त्यांनी कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांनी पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, सर. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही."

सर बराच वेळ गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत राहिले.

"कोणी लिहिलाय?"

"तुमच्याच विद्यार्थिनीने." बाईंनी तिचं नाव सांगितलं.

"ती? प्रयोगशाळेतले दिवे घालवायला विसरायची ती?" सरांची मान वर झाली. "कसा लिहिलाय?"

"नवं संशोधन छान मांडलंय. जुनं जरा उरकलंय."

"उरकणारच. तेव्हा ती होती कुठं!" त्यांनी गठ्ठा मांडीवर ठेवला. "तपासायला कोणाकडे जाणार?"

"अजून ठरलं नाही."

"माझ्याकडे द्या."

"सर, परीक्षकाचं नाव आम्ही लेखकाला सांगत नाही. छापतही नाही."

"जन्मभर तेच केलंय, बाई. मला शिकवताय?"

गुरूने शिष्येचा लेख तपासणं नियमात बसत नव्हतं. संपादकांनी कुरकुर केली, पण बाईंचा चेहरा बघून कानाडोळा केला. सरांचे शेरे आले ते लेखाहून लांबलचक. अर्ध्यांत नुसती हजेरी घेतलेली. उरलेल्यांत स्वतःच्या लेखातला मजकूर, परिच्छेदामागून परिच्छेद, "हे वापरावे" असं लिहून दिलेला. वाचताना बाईंचे डोळे भरून आले.

विद्यार्थिनीचा फोन आला. "कोण हो हा परीक्षक? सोलून काढलंय मला! पण स्वतःचं सगळं माझ्या झोळीत टाकलंय त्यांनी. नाव सांगा ना."

"नाही सांगता येत."

"आमच्या सरांनाच विचारणार होते. पण त्यांच्या घरी असं झाल्यापासून फोन करायचा धीरच होत नाही. काय बोलायचं?"

"लेखाचं काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "पण फोन करा."

अंक निघाल्यावर पहिली प्रत बाईंनी सरांच्या हातात नेऊन दिली. सरांनी लेखाचं शेवटचं पान काढलं, बराच वेळ बघितलं आणि सुनेला हाक मारली.

"वाच बघू मोठ्यानं."

"'अनामिक परीक्षकाचे मनःपूर्वक आभार.'" तिने पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यात तुमचं नाव कुठंय, बाबा?"

"नसतंच ते," सर म्हणाले, आणि अंक परत घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.